गोटीचे लंगोट

कडकराव हे नाव त्यांना इस्पितळातल्या नर्सबायांनी दिलं. खरं नाव पगाराच्या पावतीवर असेल तेवढंच. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. बाहेर पडताना अंगावरच्या शर्टाची कॉलर अशी उभी, की तिच्या कडेनं काकडी चिरून घ्यावी. स्वभावही त्याच घडीचा. नाकावर राग, आणि तो पुसायला रुमाल कधीच हाताशी नाही.

धुलाईघरात काय काय यायचं ते सांगण्यासारखं नाही. रक्त, पू, जुलाबाची घाण, पिवळी जळजळीत औषधं. कडकराव सगळ्याला पुरून उरले. त्यांचं एकच तत्त्व होतं. धुतल्यानं जात नाही असं जगात काही नसतं, पाणी कमी पडतं किंवा मनगट. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की नवीन लागलेली माणसं ते त्यांच्याआधीच म्हणून टाकायची.

निवृत्त झाले आणि घरी बसले. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सून आणि नात. मुलगा पुलांच्या कामावर, लांबच्या साइटवर. महिन्यातून एकदा यायचा आणि झोपून परत जायचा. बायको नातीचं तोंड न बघताच गेली. नात चांगली गोल, गुळगुळीत, हातातून निसटणारी, म्हणून तिचं नाव गोटी.

सूनबाई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होती. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच फ्रेमच्या मापाला घासून बसवायची. हात जरा हलला की काच गेली. बाळंतपणाची रजा संपत आली होती. गोटी पाळणाघरात जाणार आणि आई कामावर, असं ठरलेलं. मालकानं जागा राखून ठेवली होती, पण ठेवताना असं तोंड केलं होतं, जसा काही आपल्या किडनीचा तुकडाच देतोय.

तोवर कडकरावांचं घरातलं काम एकच. सकाळी कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवायची. त्या दिवशी पिशवी जिन्यात टेकवून ते चष्मा आणायला वर गेले आणि तेवढ्यात गल्लीतल्या कुत्र्यानं डाव साधला. परत येऊन बघतात तर पायऱ्यांवर गोटीचे डायपर फाटून पसरलेले आणि त्यांतून बुळबुळीत, पांढुरका चिखल बाहेर आलेला.

दुसरा कोणी असता तर नाक धरून पळाला असता. कडकरावांना उलट जोर चढला. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. त्यांनी बादलीभर पाणी आणलं आणि वरच्या पायरीवरून सोडून दिलं.

चिखल फुगला. त्यांना वाटलं, पाणी कमी पडलं. त्यांनी आणखी एक बादली ओतली. चिखल आणखी फुगला. पायरीवरून पायरीवर लगद्याचे गोळे लोळायला लागले, जितकं पाणी तितके मोठे. तिसऱ्या बादलीला खालच्या दारापर्यंत सगळा जिना फुगून आला, आणि कडकराव मधोमध उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून.

वरच्या मजल्यावरची वहिनी कठड्यावरून वाकून म्हणाली, "भाऊजी, पाण्यानं नाही जायचं ते. वाळू द्या, मग खरडून काढा."

पाण्यानं नाही जायचं! कडकरावांना कुणी भर चौकात थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. वापरायचं एकदा, धुवायचं कधीच नाही, आणि वर पाण्यालाच खाऊन फुगायचं! त्यांनी सगळा जिना हातानं खरडला. खरडताना ते जे बोलत होते ते गोटीच्या कानावर पडू नये म्हणून सुनेनं दार लावून घेतलं.

वर आल्यावर त्यांनी हातही न पुसता जाहीर केलं, "आजपासून या घरात डायपर येणार नाही."

"बरं," सून म्हणाली. "मग गोटीला काय बांधायचं? वर्तमानपत्र?"

"लंगोट. कापडी. पूर्वी सगळ्यांना तेच होते."

"पूर्वी," सून गोटीला मांडीवर उलटं करत म्हणाली, "पूर्वी ते धुवायला सासूबाई होत्या. बाबा, तुमच्या मुलाचा एक तरी लंगोट तुम्ही धुतला होतात?"

"मी अख्ख्या इस्पितळाचं धूत होतो!"

"मी घरातलं विचारतेय."

उत्तर एकच होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे कडकरावांना दुसऱ्यांबद्दल म्हणायची सवय होती.

"नाही धुतला," ते म्हणाले. "आता धुतो."

"सगळे?"

"सगळे."

सुनेला सासऱ्याचा हेका माहीत होता. हेका धरणं सोपं असतं, रोज उठून बादली धरणं वेगळं. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण ज्या दिवशी माझा हात त्या बादलीला लागला, त्या दिवशी डायपरचं पाकीट परत घरात. आणि मग एक शब्द बोलायचा नाही. मला कामावर जायचंय. रजेवर असताना जे चाललं ते मग चालणार नाही."

"कबूल."

"आणि तुमचे ते दाढीचे रेझर? चार दिवस वापरायचे आणि फेकायचे. ते काय शेतात पिकतात?"

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला गेलं की आपल्यातलं मुसळ असं बाहेर येतं. कडकरावांनी उरलेले दोन रेझर त्याच दिवशी वहिनीच्या मुलाला दिले आणि दाढीला सलूनमध्ये जायला लागले. सलूनवाल्याचे हात हळू आणि जीभ जलद, त्यामुळे एका दाढीत अर्धी सकाळ जायची. पण शब्द म्हणजे शब्द.

जुन्या सुती चादरी निघाल्या. कडकरावांनी त्या मापानं फाडल्या, कडा शिवून आणल्या, आणि न्हाणीघरात असं साम्राज्य उभं केलं की सुनेला अंघोळीसाठी परवानगी मागावी लागे. आधी गार पाण्यात खळबळणं, मग साबण, मग गरम पाणी, मग दोनदा स्वच्छ. गॅलरीत पांढऱ्या लंगोटांची रांग लागली. खालून जाणारे वर बघायचे. एकानं विचारलं, "काय कडकराव, शरण आलात काय? पांढरी निशाणं लावलीत!" कडकरावांनी वरून सांगितलं, "निशाणं नाहीत, नातीचे लंगोट आहेत. हवंय का एक?"

घरी सगळं छान चाललं. छान चालायचं कारण असं, की कडकराव दर थोड्या वेळानं गोटीच्या बुडाखाली हात घालून बघत, आणि ओलं व्हायच्या आधीच बदलत. हे काही धुलाईचं यश नव्हतं, पण त्यांना ते तसंच वाटलं. इथे घोडं पेंड खाणार होतं.

पाळणाघराच्या बाई डायपरशिवाय मूल घ्यायला राजी नव्हत्या. कडकराव स्वतः जाऊन भांडून आले, आणि बाईंनी वैतागून सांगितलं, "आणा. एक दिवस बघू."

एक दिवस! कडकरावांनी त्या एका दिवसाची तयारी एखाद्या ऑपरेशनसारखी केली. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांचे टॉवेल ते वेगळे धुवायचे. त्यांना शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं सुगंधी औषध घालायचे, म्हणजे टॉवेल लोण्यासारखा व्हायचा. आपली नात डॉक्टरपेक्षा कमी आहे काय? त्यांनी ती बाटली आणली, आणि गोटीचे सगळे लंगोट त्या पाण्यात दुप्पट मात्रेनं बुचकळून काढले. वाळल्यावर गालाला लावून बघितले. काय मऊ! काय वास! बाईंनी पुरुषाचा हात बघावाच एकदा, असं त्यांना वाटलं.

सून कामावर गेली. यंत्रावर बसली, पहिली काच लावली. ती काच अर्धी घासून झाली असेल नसेल, तिचा फोन वाजला. पाळणाघराच्या बाई ओरडत होत्या. गोटीनं केलं ते लंगोटात थांबलंच नव्हतं. थेंबभरही न शोषता सगळं सरळ खाली, आणि खाली मुलांची झोपायची सामाईक गादी. बदललेला दुसरा लंगोटही तसाच. तिसराही. पाच मुलं ओल्यात झोपलेली उठली होती आणि सगळी एका सुरात रडत होती.

सुनेचा हात हलला. काच गेली.

ती मालकाला सांगून निघाली. मालक म्हणाला, "जा. पण पहिल्याच दिवशी हे, तर पुढे काय? पुन्हा असं मधेच उठावं लागणार असेल तर आत्ताच सांग, मी दुसरं माणूस बघतो." सुनेनं "नाही लागणार" म्हटलं आणि जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

घरी येताना ती वाटेत डायपरचं पाकीट घेऊनच आली. ते फळीवर ठेवलं. भांडली नाही. भांडली असती तर कडकरावांना बरं वाटलं असतं. भांडणात ते कच्चे नव्हते. ती फक्त म्हणाली, "बाबा, माझी नोकरी जाईल," आणि गोटीला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी गोटी डायपर लावून पाळणाघरात गेली. कडकराव खुर्चीत बसून राहिले. मग उठले, घडी केलेला एक लंगोट काढला, मांडीवर पसरला आणि त्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडला.

थेंब बसला. आत जाईना. कडकरावांनी लंगोट कलता केला, तर थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला आणि त्यांच्या पायजम्यावर पडला. पायजम्यानं तो मुकाट्यानं पिऊन टाकला.

सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला आणि कान तापले. ते सुगंधी औषध कापडाला गुळगुळीत लेप देतं, हे त्यांना माहीत होतं. तसं माहीतच होतं! पण डॉक्टरांचा टॉवेल डॉक्टर हात टिपायला वापरतात. लोण्यासारखा लागला की खूश. त्या टॉवेलनं कुणी तुंबलेलं न्हाणीघर पुसलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिरवायच्या नादात त्यांनी सुनेची नोकरी पणाला लावली होती, आणि ज्याच्याशी भांडत होते ते पाकीट आता फळीवर बसून त्यांच्याकडे बघत होतं.

त्यांनी मोठं पातेलं चढवलं. धुण्याचा सोडा घालून लंगोट उकळले, पाणी फेकलं, पुन्हा उकळले. वास जाईपर्यंत, मग वास गेल्याची खात्री होईपर्यंत. वाळल्यावर एकेकावर थेंब टाकून बघितला. कापड राठ झालं होतं, गालाला लावण्यासारखं राहिलं नव्हतं, पण थेंब पडायच्या आत गडप.

संध्याकाळी सून आल्यावर त्यांनी तिला दारातच गाठलं. "चूक माझी होती. कापडाची नाही." आणि तिच्या देखत लंगोटावर पेलाभर पाणी ओतलं. खाली थेंब आला नाही.

"कळलं," सून म्हणाली. ती दमली होती. "पण बाबा, कापड आहे. शी झाली की बदलावं लागणार, धुवावं लागणार. बाई एकट्या, मुलं डझनभर. त्यांना नाही जमलं की त्या मला फोन करणार. मी उठणार. आणि मग?"

"तुला कशाला? मला करतील."

"तुम्हाला?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "फोन आईलाच करतात, बाबा. तुमच्या मुलाला करतात का? वेगळं काही असतं असं त्यांच्या डोक्यातही येत नाही."

कडकरावांच्या डोक्यातही ते तोवर आलं नव्हतं. आता आलं, आणि ते जिन्यातल्या त्या फुगणाऱ्या लगद्यापेक्षा त्यांना जास्त खुपलं.

सकाळी तिघं निघाली. सुनेच्या कडेवर गोटी, गोटीच्या बुडाला राठ लंगोट, आणि कडकरावांच्या हातात झाकणाची पत्र्याची बादली. पाळणाघर मागच्याच गल्लीत. बाईंनी बादली बघितली आणि दारातच आडव्या आल्या.

"परत तेच? आजोबा, मला दोनच हात आहेत. डायपर गुंडाळला, टाकला, झालं. तुमचे हे लंगोट मी कुठे ठेवू? डोक्यावर?"

"या बादलीत. ओले झाले की टाका आणि झाकण लावा. दुपारी येऊन नेईन, संध्याकाळी येऊन नेईन."

"आणि शी झाली की?"

"मला फोन. मी येऊन करतो."

बाईंनी त्यांना कॉलरपासून बुटांपर्यंत बघितलं. "पुरुषमाणूस येऊन इथे पोरीची शी काढणार?"

"लोकांची काढण्यात जन्म गेला, आता नातीची काढली तर काय हात गळून पडतील?"

"ते सगळं ठीक आहे. पण आमची पद्धत आहे. फोन आईला जातो. आई येते. आजोबा येतो म्हणतात, मग झोपतात, फोन खाटेखाली पडलेला असतो. मी हे सगळं बघून बसलेय." बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी सुनेकडे वळून, जरा मायेनंच, सांगितलं, "अगं, तू तरी समजून घे. डायपर लाव आणि सुखानं कामाला जा. कशाला ही कटकट?"

कडकरावांनी पुढचं वाक्य जुळवायला घेतलं. पण त्यांच्याआधी सून बोलली.

"माझा नंबर खोडा."

"काय?"

"माझा नंबर खोडून ह्यांचा लिहा. शीसाठी, शूसाठी, गादीसाठी, बादलीसाठी. ताप आला किंवा पडली तर मला करा, मी धावत येईन. पण घाणीसाठी मला बोलवायचं नाही. मी काचा घासते, माझा हात हलून चालत नाही."

"आणि हे नाही आले तर?"

"तर हे मला तोंड दाखवणार नाहीत," सून म्हणाली. तिनं गोटीला बाईंच्या हातात दिलं. बाईंना पोर घ्यावीच लागली. अंगावर आलेलं मूल कुणी खाली टाकत नाही. मग ती कामाला गेली. वळून बघितलं नाही. कडकराव तिच्या पाठीकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की घरात कडक एकच माणूस आहे.

बाई पुटपुटल्या, पण त्यांनी नंबर लिहून घेतला. कडकराव सलूनमध्ये गेले, फोन मांडीवर ठेवला आणि सलूनवाल्याला सांगितलं, "आज जीभ आवर आणि हात चालव."

एक गाल झाला. दुसऱ्या गालावर फेस चढला आणि फोन वाजला.

"आजोबा," बाईंचा आवाज गोड होता. असा गोडवा त्या परीक्षा घेतानाच वापरत असाव्यात. "झाली आहे. भरपूर."

कडकराव गळ्यातलं फडकं घेऊनच उठले. सलूनवाला वस्तरा हातात धरून ओरडला, "अहो, अर्धी राहिली!" बाकावरची दोन माणसं हसायला लागली. एकजण म्हणाला, "कुठे आग लागली, कडकराव?"

"नातीला शी झालीय!" कडकरावांनी रस्त्यातून ओरडून सांगितलं, सगळ्या दुकानांना ऐकू जाईल असं. "ज्याला हसायचंय त्यानं यावं बादली उचलायला!"

कुणी आलं नाही, आणि हसणंही थांबलं.

पाळणाघरात बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. मुलं गोल करून बसली होती. गोटी मधोमध उताणी, आजोबांचा अर्धा पांढरा चेहरा बघून आधी घाबरली, मग खिदळायला लागली. कडकराव गुडघ्यांवर बसले. धुतलं त्यांनी जन्मभर होतं, पण ते कापड. वळवळणारं अंग त्यांनी आजवर कधी धुतलं नव्हतं. घरी ते ओला लंगोट बदलायचे, बाकीचं सून उरकायची. पहिल्या झटक्यात गोटीनं पाय आपटला आणि कडकरावांची कडक कॉलर कामातून गेली. दुसऱ्या झटक्यात ती उलटी होऊन रांगायलाच लागली. ते तिच्यामागे गुडघ्यांवर गेले. कोमट पाणी, फडकं, पुन्हा पाणी. सेफ्टी पिन आपल्या अंगठ्यात घुसवून घेतली पण तिला लागू दिली नाही. घाणेरडा लंगोट बादलीत टाकला, झाकण लावलं, फरशी पुसली. कपाळावरचा घाम फेसात उतरत होता.

"जमलं की," बाई म्हणाल्या. कौतुक नव्हतं त्यात. हिशेब चुकल्यासारखा आवाज होता. "उद्या पण येणार?"

"जोवर हिला शी-शू कळत नाही तोवर रोज."

त्यांनी बादली घरी आणली. उभ्यानंच खळबळून, धुऊन लंगोट दोरीवर टाकला. मग सुनेला फोन लावला. जेवणाची सुट्टी झाली असेल असा अंदाज होता.

"काय झालं?" तिनं पहिल्याच घंटीला उचलला. "निघू का?"

"कुठे निघतेस? फोन आला होता. गेलो, धुतलं, आलो."

"कधी?"

"झाला की तासभर."

"मला कुणी काही सांगितलंच नाही."

"तुला कशाला सांगायचं?"

सूनबाईचा आवाज बारीक झाला. "बाबा, मी सकाळपासून पर्स खांद्याला अडकवूनच यंत्रावर बसलेय. म्हटलं, फोन येईल, उठावं लागेल."

कडकराव न्हाणीघराच्या दारात उभे होते, एका गालावर वाळलेला फेस. असं काही ऐकलं की ते नेहमी करायचे तेच त्यांनी आताही केलं. ओरडले.

"काढ ती पर्स! खाली ठेव आणि जेव!"